नचिकेताचा हिशेब

सज्जनहो, कठोपनिषदातील नचिकेताची कथा आत्मविद्येसाठी सांगतात. आज आम्ही तिचा फक्त आरंभ घेतो, कारण तो घरोघरच्या बापलेकांच्या कामाचा आहे.

वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ केला. पण दक्षिणेला गाई काढल्या त्या म्हाताऱ्या, आटलेल्या. नचिकेत कुमारवयाचा. अशा दानाने वडिलांची गत काय होईल, ही त्या पोराला काळजी. ‘मला कोणाला देता?’ असे त्याने तीनदा विचारले. बाप चिडला नि म्हणाला, तुला मृत्यूला दिले! आमच्याकडे ‘मर जा मेल्या’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरे पोर असते तर रडत बसते, नाहीतर उलटून बोलते. नचिकेताने मनाशी हिशेब मांडला : पुष्कळांत मी पहिला आहे, पुष्कळांत मधला आहे. श्रीशंकराचार्य भाष्यात पुढे जोडतात की, अधम तर कधीच नाही. बापाच्या रागावरून त्याने आपली किंमत ठरवली नाही.

येथे कोणी शंका घेईल, ‘महाराज, हा गर्व नव्हे का?’ तर नव्हे. सर्वांत पहिला असे तो म्हणाला नाही. मधला आहे तेथे मधलाच म्हणाला. आहे तेवढे मोजणे यात गर्व कसला?

बाळांनो, तुम्हीही असेच मोजा. टाळ ठेक्यात वाजतो, हरिपाठ तोंडपाठ आहे, गुरांना वेळेवर पाणी दाखवता. गणित मात्र कच्चे. मग गणित कच्चे एवढेच खरे, ‘तू कुचकामाचा’ हे खरे नव्हे. बोल सोसवेनासे झाले, मार बसू लागला, तर आईला, मामाला, गुरुजींना सांगा. नचिकेतानेही मनातले यमाजवळ बोलून दाखवले. तीन वरांतला पहिला त्याने हाच मागितला की, वडिलांचा राग शांत व्हावा, परत गेल्यावर त्यांनी मला ओळखून प्रेमाने बोलावे. आपली किंमत कळलेल्या पोराला बापाचा द्वेष करावा लागला नाही.

आता बापांना विचारतो. वारीत सत्तरीचा म्हातारा बारा वर्षांच्या माळकरी पोराच्या पाया पडतो, तो त्याच्यात पांडुरंग पाहूनच ना? मग घरी त्याच पोराला ‘दगड’ म्हणताना पांडुरंग कोठे गेला? चुकले तर काम दाखवून सांगा, ‘हा बांध नीट घाल.’ पोराचा उद्धार करू नका. आज सांजेला हरिपाठ झाला की त्याला जवळ बसवा, आणि त्याने केलेले एक चांगले काम त्याच्या तोंडावर बोलून दाखवा.

रामकृष्णहरि.