आधी अंधार तपासा

पोरांनो, फ्लुओरेसन्सचा चिमुकला सूक्ष्मदर्शक तुम्ही स्वतः जोडलात, याचं मला फार कौतुक आहे. बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात कॅमेरा जोडला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ चित्रपट पडद्यावर आणला. तेव्हा हे काम इथे होणार नाही असं कुणाला म्हणू देऊ नका. आता चित्र धुरकट येतंय म्हणता. तर पहिलं सांगणं हे, की एलईडीचा उजेड वाढवायचा मोह आवरा.

या यंत्रात साधारण ४७० नॅनोमीटरचा निळा उजेड नमुन्यावर पडतो आणि नमुना ५१०-५२० च्या आसपासचा हिरवा उजेड परत देतो. हा हिरवा उजेड निळ्याच्या मानाने अगदीच क्षीण. निळ्याची एखादी तिरीप जरी कॅमेऱ्यापर्यंत पोचली तरी हिरवं चित्र तिच्यात बुडून जातं. उजेड वाढवाल तशी ती तिरीपही वाढेल, शिवाय नमुन्याचा रंग लवकर विटेल. म्हणून आधी अंधार तपासा.

भिंगासमोर मॅट काळा कागद धरा आणि एलईडी बंद ठेवून खोलीतली ट्यूब लावा. पडदा उजळला किंवा त्यावर पट्टे सरकताना दिसले, तर बाहेरचा उजेड फटीतून आत येतोय. थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं कवच काळं असलं, तरी भिंत पातळ असेल तर उजेड झिरपतोच. मग ट्यूब घालवून एलईडी लावा. आता पडदा उजळला, तर दोष फिल्टरचा किंवा कवचाच्या आतल्या चकाकीचा. आपल्या उद्यमनगरातल्या कारागिराचा हात असा सफाईदार, की लेथवरून उतरलेलं अॅल्युमिनियमचं कवच आतूनही लखलखतं. इथे नेमकी तीच सफाई नडते. काम देतानाच सांगून ठेवा, आतून चकाकी नको, काळं अॅनोडायझिंग हवं.

फिल्टर बसवताना सर्वांत जास्त गफलत होते, म्हणून इथे घाई नको. निळा आरपार सोडणारा फिल्टर एलईडीपुढे, हिरवा सोडणारा कॅमेऱ्यापुढे, आणि मधला डायक्रोइक, म्हणजे निळा परतवून हिरवा आरपार सोडणारी काच, ४५ अंशांत. डायक्रोइकची लेप दिलेली बाजू उजेड परतवते, म्हणून ती एलईडीकडे हवी. ती ओळखायची अशी: चिमट्याने काच कडेला धरा आणि सुईचं टोक काचेला न टेकवता अगदी जवळ न्या. टोक आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भिडायला आलं तर लेप वरच्या बाजूला. मधे काचेच्या जाडीएवढं अंतर राहिलं तर लेप खालच्या बाजूला. कडेवर बाण असला तरी त्याचा अर्थ सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. सोबतचा कागद वाचा.

परीक्षेचा नमुना स्वस्तात होतो. भिंग पुसायच्या कागदावर पिवळ्या हायलायटरची रेघ ओढा, वाळू द्या आणि तो भिंगाखाली ठेवा. कागदाचे धागे हिरवे, रेखीव दिसले पाहिजेत. एकाच बाजूचे धागे स्पष्ट आले तर कॅमेऱ्याची चकती कलती बसलीय. कडा काळवंडल्या तर एलईडी किंवा डायक्रोइक मध्यापासून सरकलाय. नमुना हलवूनही ठिपका जागचा हलत नसेल, तर तो यंत्रातला. भिंग फिरवल्यावर ठिपकाही फिरला तर धूळ भिंगावर. न फिरता गडद, रेखीव राहिला तर बहुधा कॅमेऱ्याच्या काचेवर. काच पुसण्यापूर्वी रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने कधीही फुंकू नका.

फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद भिंगाजवळ आणू नका. त्याची वाफ काचेवर बसून पांढरट थर धरते. यूव्ही दिव्याखाली घट्ट होणारा गोंद वापरा, तोही कडेलाच. चित्र मधूनच तुटत असेल तर आधी केबल हलवून बघा, मग यूएसबीचा हब काढून थेट संगणकाला जोडा.

आणि आपला पाऊस! जून ते सप्टेंबर यंत्र उघड्यावर ठेवलंत तर भिंगावर बुरशी चढणारच. सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून सुकवा.

२०११ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असा १.९ ग्रॅमचा सूक्ष्मदर्शक मांडला, तो उंदराने डोक्यावर वागवत हिंडावं म्हणून. पुढे यूसीएलएच्या गटाने आपल्या ‘मिनीस्कोप’ची रेखाटनं सर्वांना खुली केली. तुम्हालाही पुढे तिकडेच जायचं असेल. पण त्यासाठी उंदरावर शस्त्रक्रिया करावी लागते. नैतिकता समितीची परवानगी हातात असली, तरी हायलायटरच्या कागदावर रोज एकसारखं चित्र येईपर्यंत उंदराला हात लावू नका.