जुन्या पंपाची कामशाळा



रस्त्याचे नशीब नदीसारखे असते. नदीने पात्र बदलले की जुना घाट ओस पडतो. रस्ता वळला की जुन्या रस्त्यावरची हॉटेले, दुकाने आणि पेट्रोल पंप ओस पडतात. आपल्या राज्यात नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग २०२५ साली पुरा झाला. त्याची लांबी ७०१ किलोमीटर आहे. ठिकठिकाणी गावाला वळसा घालणारे रस्ते झाले. गाड्या बाहेरून जाऊ लागल्या. मग एखाद्या जुन्या पंपाला धंदा पुरेना आणि तो बंद पडला.

अमेरिकेतही असेच घडले. तेथे ६६ क्रमांकाचा एक प्रसिद्ध रस्ता होता. नवे मोठे महामार्ग झाले आणि १९८५ साली सरकारने त्या रस्त्याचा क्रमांकच काढून टाकला. त्याच्या कडेचे कितीतरी पंप ओस पडले. काहींची पुढे दुकाने झाली, काहींची गॅरेजे झाली.

बंद पंप ही जागा तशी कामाची असते. उंच छप्पर असते. खाली पक्की जमीन असते. एखादी खोली असते. रस्ता दारात असतो. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्याला आणखी काय हवे? म्हणून आज आपण जुन्या पंपाचे गॅरेज कसे करावे ते पाहू. ज्यांना गॅरेज करायचे नाही त्यांनीही हा धडा वाचावा. यातल्या एका गोष्टीवर माणसाचा जीव अवलंबून आहे, आणि ती गोष्ट घरोघरी लागू आहे.

आमच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा लिंबाच्या झाडाखाली इंजिने दुरुस्त करीत असे. पाऊस आला की काम बंद. रात्री हत्यारे घरी न्यायची, सकाळी परत आणायची. त्याला गावाजवळचा बंद पंप भाड्याने मिळत होता. तो आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, जागा झकास आहे. खाली दोन लोखंडी टाक्या आहेत. भंगारवाला चांगले पैसे देतोय. गॅसकटरने टाक्या कापतो, भंगार विकतो, त्यातच पहिल्या सहा महिन्यांचं भाडं निघतंय."

आम्ही म्हणालो, "आधी बस. पाणी पी. मग टाकीचे बोलू."

पहिले काम : कागद

जागा डोळ्यांनी पाहण्याआधी कागदावर पाहावी. सातबारा काढावा. 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा बोजा आहे का ते वाचावे. आता वाचता येते, मग दुसऱ्याच्या तोंडाकडे का पाहावे?

पंपाच्या जागेत एक जादा गोष्ट असते. जमीन एकाची असते, पण यंत्रे आणि जमिनीखालच्या टाक्या बहुधा तेल कंपनीच्या असतात. कधी जमीनही कंपनीने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेली असते. तो पट्टा संपला का? पंपाचा परवाना परत केला का? हे लेखी पाहावे. टाकी कंपनीची असेल आणि आपण ती विकली, तर ती चोरी ठरेल.

पेट्रोलचा साठा १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे पेट्रोलियम नियम यांखाली येतो. त्यावर देखरेख करणारे केंद्र सरकारचे खाते आहे. त्याचे मुख्य कार्यालय आपल्याच नागपूरला आहे. लोक त्याला थोडक्यात 'पेसो' म्हणतात. टाकी बंद करायची, काढायची, तर या खात्याचे नियम पाळावे लागतात.

मोठ्या रस्त्यावर उतरणारी वाटही परवानगीची असते. ती पंपासाठी दिलेली असते. गॅरेजसाठी ती चालेल का, हे रस्त्याच्या खात्याला विचारावे. ग्रामपंचायतीलाही अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यावी आणि जपून ठेवावी.

दुसरे काम : टाकी

आता मुख्य गोष्ट. तो मुलगा म्हणाला, "टाकी तर खडखडीत कोरडी आहे. दोन वर्षं झाली, थेंब नाही. आता काय होतंय?"

बंधूंनो, भगिनींनो, पेट्रोल स्वतः पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ. पाणी उकळले म्हणजे भरपूर वाफ निघते. पेट्रोलला आच लागत नाही. शून्याखाली ४० अंश इतक्या कडाक्याच्या थंडीतही त्याची पेट घेण्याजोगी वाफ निघते. मग आपल्या उन्हाळ्याचे काय सांगावे!

ही वाफ हवेत मिसळावी लागते, तेव्हाच ती पेटते. हवेच्या १०० भागांत सुमारे दीड ते साडेसात भाग वाफ असली, की ते मिश्रण स्फोटक होते. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकाम्या टाकीत मात्र आत वाफ असते, आणि हवाही असते. म्हणून भरल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातकी. एक ठिणगी पुरते. लोखंडाची टाकी बाँबसारखी फुटते.

"पण गुरुजी, पाण्याने धुऊन घेतली तर?"

टाकीच्या तळाशी गाळ असतो. आतल्या गंजाला पापुद्रे असतात. त्यांत पेट्रोल मुरलेले असते. धुतल्यावर वाफ जाते आणि काही तासांनी गाळातून पुन्हा निघते. नुसत्या पाण्याने हा गाळ सुटत नाही. म्हणून टाकी साफ करण्याचे काम त्या कामाच्या माहीतगारानेच करावे. मग यंत्राने आतली हवा तपासतात. टाकी वायुमुक्त झाली, असा दाखला जाणता अधिकारी माणूस देतो. त्या दाखल्याशिवाय टाकीत उतरू नये, टाकी कापू नये, जवळ वेल्डिंग करू नये.

आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर आत हवा वाईट आहे असे समजतात. पंपाच्या टाकीवर हा प्रयोग चुकूनही करू नये. येथे कंदील विझणार नाही, टाकी उडेल.

साफ केलेल्या टाकीचे दोन मार्ग आहेत. एक, ती उकरून काढणे. दुसरा, ती जागेवरच वाळूने किंवा पातळ काँक्रीटने ठासून भरणे. टाकीला जोडलेले नळही रिकामे करून बंद करावे लागतात. नुसते झाकण लावून सोडू नये. वाफेचा धोका राहतोच. शिवाय लोखंड गंजून वरची जमीन खचते. तिच्यावर ट्रॅक्टर उभा असला तर?

आणखी एक हिशेब करून पाहू. पोकळ घागर पाण्यावर तरंगते. रिकामी टाकीही तरंगू पाहते. समजा टाकी २०,००० लिटरची आहे. पावसाळ्यात जमिनीतले पाणी तिच्यावर चढले, तर ते पाणी तिला सुमारे २० टनांच्या जोराने वर ढकलते. टाकीचे स्वतःचे वजन त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. वरची माती व काँक्रीट तिला दाबून धरतात म्हणून बरे. ते कमी पडले, तर टाकी फरशी फोडून वर येते.

आता घरोघरची गोष्ट. डिझेलचे रिकामे पिंप आपण पाण्यासाठी घेतो. वरचे झाकण कापायला वेल्डरकडे नेतो. मोटारसायकलची टाकी गळते, म्हणून तिला डाग द्यायला नेतो. तेथेही हाच नियम आहे. डिझेलची वाफ थंडपणी कमी निघते, पण कटरची आच लागली की भरपूर निघते. पिंप लहान म्हणून धोका लहान, असे समजू नये. जवळ उभ्या असलेल्या पोराला तो पुरेसा असतो.

तिसरे काम : खड्डा

पंपावर गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा कधी कधी असतो. तो फार सोयीचा. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती पाण्यासारखी खाली उतरते. खड्डा, गटार, चर यांत साठून राहते. वरून दिसत नाही.

म्हणून खड्ड्याजवळ पेट्रोल ओतू नये. विडी, काडी, उघडा दिवा नेऊ नये. उघड्या तारेचा बल्ब खाली सोडू नये. तो फुटला की ठिणगी पडते. खड्ड्याच्या तळातली हवा बाहेर ओढील अशी सोय करावी. काम नसताना खड्ड्यावर फळ्या टाकाव्या.

इंजिनाचा धूर तर आणखी वाईट. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. वरती कोणी खड्ड्यात अगर टाकीत पडला, तर घाईने त्याच्यामागे उडी घेऊ नये. वाचवायला गेलेला दुसराही बळी जातो. आधी मदत बोलवावी.

चौथे काम : छप्पर, पाणी, वीज

छपराचे खांब मुळाशी गंजतात, कारण तेथे पाणी साचते. हातोडीने ठोकून पाहावे. ठणठण आवाज आला तर लोखंड चांगले. बद्द आवाज आला तर आतून खाल्लेले आहे. उंच छप्पर वादळात खालून वर उचलले जाते, म्हणून बोल्ट जुने झाले असतील तर बदलावे.

जुनी पत्रे सिमेंटची असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याचा भुगा छातीत गेला की वर्षांनी कॅन्सर होतो. असली पत्रे कापू नयेत, फोडू नयेत. सांभाळून अखंड उतरवावीत.

पंपाच्या जागेत तेल सांडलेले असते. माती काळी पडली का, पेट्रोलचा वास येतो का, ते पाहावे. पेट्रोलमध्ये बेंझिन असते. त्याने कॅन्सर होतो. आपल्या देशात २००० सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिसेही असे. जागेत विहीर किंवा बोअर असेल तर पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये. अमेरिकेत जमिनीखालच्या गळक्या टाक्यांनी इतके पाणी नासले, की १९८४ साली तेथे त्यासाठी कायदा करावा लागला. तेव्हापासून पाच लाखांहून जास्त गळत्या सापडल्या आहेत.

विजेचे जुने वायरिंग वापरू नये. सगळे नवे करावे. अर्थिंग पक्के करावे. वेल्डिंगची जागा एका टोकाला आणि तेलाची जागा दुसऱ्या टोकाला ठेवावी. वाळूच्या बादल्या हाताशी असाव्या.

पाचवे काम : जळके तेल

इंजिनातून काढलेले काळे तेल गटारात सोडू नये. एक लिटर तेलाने दहा लाख लिटर पाणी नासू शकते. ते पिंपात साठवून प्रदूषण मंडळाने मान्यता दिलेल्या माणसालाच द्यावे.

जमीन धुतलेल्या पाण्यासाठी तीन कप्प्यांचे टाके बांधावे. युक्ती सोपी आहे. रश्श्यावर तर्री तरंगते, तसे पाण्यावर तेल तरंगते. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो. पाणी भिंतीच्या तळातल्या नळातून पुढच्या कप्प्यात जाते आणि तेल मागे वरच राहते. वरचे तेल गाळून घ्यावे. शेजाऱ्याची विहीर वाचते, आणि शेजारही टिकतो.

मग त्या मुलाचे काय झाले?

भंगारवाल्याला त्याने नको म्हणून सांगितले. जमीनमालकाला घेऊन तो तेल कंपनीच्या कार्यालयात गेला. हेलपाटे पडले. एक पावसाळा त्याने लिंबाखालीच काढला. त्याची आई आमच्याकडे येऊन म्हणाली, "गुरुजी, भाड्याचे पैसे अडकले. पोराचा धीर सुटतोय." आम्ही म्हणालो, "मावशी, पैसे उशिरा मिळतील. पोरगा पुन्हा मिळणार नाही."

पुढे कंपनीच्या माणसांनी टाक्या साफ करून, तपासून, दाखला देऊन उचलून नेल्या. तळातून बादलीभर गाळ निघाला, आणि दोन वर्षांनंतरही त्याला पेट्रोलचा वास होता. मुलाने तो वास घेतला आणि तो गप्प बसला. भंगाराचा एक पैसाही त्याला मिळाला नाही, कारण टाक्या कंपनीच्याच होत्या.

आज छपराखाली तीन ट्रॅक्टर उभे राहतात. त्याची बायको हिशेबाची वही लिहिते. भिंतीवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे : 'रिकाम्या टाकीवर, पिंपावर वेल्डिंग करून मिळणार नाही.' गिऱ्हाईक कुरकुरते. मग तो त्याला शेजारी बसवून कारण समजावून सांगतो.

तुम्हीही सांगा. आज रात्री घरातल्या मंडळींना हा धडा मोठ्याने वाचून दाखवा.

विचार करा

१. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची का?
२. विहिरीत कंदील सोडतात, तसा टाकीत का सोडू नये?
३. तुमच्या सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात काय लिहिले आहे? वाचून पाहा.
४. तुमच्या गावात रिकामी पिंपे कोण कापतो? त्याला या धड्यातली कोणती गोष्ट सांगाल?