परतीची एसटी दाखल करतानाच ठरवा

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्यासोबत चार माणसं आणि एक प्लास्टिकची पिशवी असते. डॉक्टर पेशंट बघतात, सिस्टर सलाईन बघतात. पिशवी कोणी बघत नाही. मग तिसऱ्या दिवशी कळतं की रेशनकार्डात पेशंटचं नावच नाही, आणि नवरा गाय विकायची भाषा करायला लागतो.

ही पिशवी बघणाऱ्या माणसाला पुण्यातली मोठी रुग्णालयं हल्ली ‘केस मॅनेजर’ म्हणतात. आपल्याकडे हेच काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं आहे. थोडं वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकाकडे, थोडं जनआरोग्य योजनेच्या टेबलावर बसलेल्या आरोग्यमित्राकडे, आणि खासगीत असेल तर पीआरओकडे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला, तो देशातला पहिला. इतकी वर्षं झाली तरी मंचर काय, नारायणगाव काय, आपली ओळख ‘तो योजनेवाला’ किंवा ‘त्या कागदवाल्या मॅडम’ एवढीच. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण कागद हाच आपला स्टेथोस्कोप आहे.

नवीन लागलेल्या मुलामुलींना मी जे तोंडी सांगते, ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणाला एकच केस धरू. जुलै महिना, भाताची आवणी चालू. आहुपे खोऱ्यातली चोविसेक वर्षांची सून जमिनीवर झोपलेली. पहाटे पोटात कळ येऊन उठली, घरच्यांना वाटलं पित्त. उजाडेपर्यंत डोळ्यांच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं. अंगावर सूज नाही, दाताची खूण नाही. मण्यार अशीच चावते.

१. आधी वेळा लिहा

नाव-पत्ता नंतर. केसपेपरच्या मागच्या बाजूला चार वेळा लिहून घ्या: त्रास कधी सुरू झाला, पापण्या कधी पडल्या, घरून कधी निघाले, मध्ये कुठे थांबले. चौथ्या प्रश्नाला नातेवाईक एकमेकांकडे बघतात. भगताकडे गेलेले असतात. ते कबूल करायला घाबरतात, कारण मागच्या वेळी कोणीतरी त्यांच्यावर खेकसलेलं असतं. आपण खेकसायचं नाही. “बाबा, तिकडं किती वेळ गेला तेवढं सांगा, डॉक्टरांना हिशेब लागतो,” असं विचारलं की खरं उत्तर येतं. आमच्या केसमध्ये सासरा म्हणाला, “दोन तास. नारळ आणायला पोरगं धाडलं होतं.” हे दोन तास डॉक्टरांसाठी महत्त्वाचे आहेत. विष नसांवर किती पुढे गेलं असेल याचा अंदाज त्यांना त्यावरून येतो.

२. पिशवी उघडा, पण त्यांच्यासमोर

पिशवीत बहुधा आधार असतं, घडीवर फाटलेलं रेशनकार्ड असतं, जुनी एखादी सोनोग्राफी, आणि ज्याचा काही उपयोग नाही असं बँकेचं पासबुक. रेशनकार्डावरची नावं बोट ठेवून मोठ्याने वाचा. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्यामुळे ‘कार्ड पिवळं की केशरी’ हा जुना प्रश्न आता फारसा उरला नाही. ‘कार्डात नाव आहे का’ हा मात्र तसाच आहे, आणि तो सुनांच्या बाबतीत सगळ्यात जास्त अडतो.

नवी सून सासरच्या कार्डात नसते. तिचं नाव माहेरच्या कार्डात असेल तर काम सोपं आहे. माहेरचं कार्ड चालतं. भावाला फोन करायचा, कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो मागवायचा, मूळ कार्ड घेऊन त्याला निघायला सांगायचं. खरी अडचण मधल्या अवस्थेत असते. लग्नानंतर कोणीतरी शहाणपणाने तिचं नाव माहेरून कमी करून आणलेलं असतं आणि सासरी चढवायचं राहिलेलं असतं. बाई कुठल्याच घरची नाही! अशा वेळी नाव कमी केल्याचा दाखला आणि लग्नाचा पुरावा घेऊन नवऱ्याला त्याच दिवशी तहसीलच्या पुरवठा शाखेत पाठवा. उद्यावर टाकू नका. आवणीच्या दिवसांत गडी एकदा शिवारात गेला की चार दिवस हाती लागत नाही.

बाळाचं नाव कार्डात नसेल तर जन्मदाखला लागतो. ऊसतोडीला बीडकडून आलेल्यांचं कार्ड इथे चालतं. मध्य प्रदेशातून आलेल्या मजुराकडे आयुष्मान कार्ड असेल तर तेही चालतं. या दोन्ही लोकांना हे माहीत नसतं, म्हणून ते कार्ड गावाकडे ठेवून येतात.

३. कुठलं दार आधी ठोठावायचं

यात फार विचार करू नका. सरकारी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात भागत असेल तर तिथेच. आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत. (ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे, तिथे हे गृहीत धरून पेशंट पाठवू नका.) तिथे भागणार नसेल तर जनआरोग्य योजनेत असलेलं रुग्णालय. व्हेंटिलेटर लागणारा सर्पदंश योजनेच्या यादीत आहे. तेही नाही जमलं तर धर्मादाय रुग्णालय. तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. मुख्यमंत्री सहायता निधी शेवटी, कारण बाकीच्या योजना लागू होत नाहीत हे तिथे आधी दाखवावं लागतं. बरेच जण उलट्या दिशेने सुरू करतात. आमदारांच्या पत्रापासून.

४. रेफर करताना

इथे मला थांबावं लागेल, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथली आहे.

काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या अशाच केसमध्ये मी पुढच्या रुग्णालयाला फोन केला. तिकडून कोणीतरी “पाठवा” म्हणालं. कोण म्हणालं, ते मी लिहून घेतलं नाही. गाडी तिथे पोहोचली तेव्हा रिकामं व्हेंटिलेटर नव्हतं आणि ‘पाठवा’ म्हणणारा माणूस सापडेना. पेशंट दुसऱ्या ठिकाणी नेईपर्यंत मुलाचा मामा गाडीत बसून हाताने अंबू बॅग दाबत होता. मुलगा वाचला, त्यात माझं श्रेय काही नाही. तेव्हापासून मी फोनवर तीन गोष्टी विचारल्याशिवाय ठेवत नाही: तुमचं नाव काय, आत्ता या मिनिटाला व्हेंटिलेटर रिकामं आहे का, आणि पेशंट उतरवून घ्यायला दारात कोण उभं राहणार. ही उत्तरं वेळेसकट रेफर चिठ्ठीवर लिहिते आणि समोरच्याला तसं सांगतेही. सांगितलं की आवाज बदलतो.

चिठ्ठी डॉक्टरांची, पण ती पूर्ण आहे का हे बघणं आपलं काम. सर्पदंशाच्या चिठ्ठीत एवढं तरी असलंच पाहिजे: वरच्या चारही वेळा. सर्पविषावरच्या लसीच्या किती कुप्या दिल्या आणि पहिली कधी सुरू केली. पेशंटला श्वास स्वतःचा आहे की आधार लागतोय. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी केली का आणि काय आलं. ही चाचणी म्हणजे कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी वाकडी करून बघायचं. घोणस आणि फुरसं चावलं असेल तर रक्त गोठत नाही, पाण्यासारखं वाहतं. नाग-मण्याराच्या केसमध्ये ते गोठलेलं असतं. आपण चाचणी करायची नाही, पण चिठ्ठीत रकाना रिकामा दिसला तर विचारायला हवं. नारायणगावला डॉ. सदानंद राऊतांनी सर्पदंशाच्या उपचाराचं काम वर्षानुवर्षं केल्यामुळे या भागातल्या डॉक्टरांना हे नवं नाही. तरी रात्री तीन वाजता नवा डॉक्टर ड्युटीवर असतो आणि त्याला कोणीतरी आठवण करून द्यावीच लागते.

चिठ्ठीचा फोटो काढून पुढच्या आरोग्यमित्राला पाठवा. त्याला एकट्यालाच, ग्रुपवर नाही. तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाईचं नाव, गाव आणि फोटो फिरले की ते मंचरच्या बाजारात पोहोचायला एक दिवसही लागत नाही. पुढच्या आरोग्यमित्राला वेळेत कळलं तर तातडीची नोंद फोनवर करून घेता येते, मंजुरीचे कागद मागून जातात. पेशंट गाडीत असतानाच कागद पोहोचलेला असला पाहिजे.

५. दाखल केलं त्याच संध्याकाळी डिस्चार्ज ठरवा

नवीन मुलं याला हसतात. बाई व्हेंटिलेटरवर आणि मॅडम एसटीचं वेळापत्रक विचारताहेत! पण खोऱ्यातली एसटी दिवसातून मोजक्याच वेळा आहे, आणि पावसाने घाटात दगड आले की तीही नाही. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, त्यानंतर या भागात मुसळधार पावसाला कोणी हलकं घेत नाही. डिस्चार्ज दुपारी चारला मिळाला तर पेशंट रात्र स्टँडवर काढणार. म्हणून राऊंडच्या डॉक्टरांना आधीच सांगायचं की या पेशंटची सुट्टी सकाळच्या राऊंडलाच लिहा.

त्याच संध्याकाळी आणखी दोन गोष्टी. आशाताईचा नंबर घ्या. आणि घरी पोरं, म्हातारी माणसं, जनावरं कोण बघतंय ते विचारा. आमच्या सुनेच्या घरी दोन म्हशी होत्या आणि आवणी अर्धी राहिलेली. नवरा सारखा दाराकडे बघत होता.

६. ‘डामा’च्या सहीआधी दहा मिनिटं

डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट न्यायला वॉर्डात ‘डामा’ म्हणतात. नातेवाईक ती सही मागतात तेव्हा कारण बिलाचं सांगतात. निम्म्या वेळा कारण दुसरंच असतं. शेजारच्या बेडवरचा पेशंट गेला, कोणी तरी म्हणालं ‘हे नुसतं मशीन चालवतात’, किंवा म्हशी. आमच्या केसमध्ये म्हशीच होत्या. मी सरपंचांना फोन केला आणि भावकीतल्या एकाने दूध काढायची जबाबदारी घेतली. सही टळली. याला कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही.

मात्र माणसाला सगळं नीट समजलं असेल आणि तरीही न्यायचंच असेल, तर अडवू नका. औषधं, चिठ्ठी आणि १०८ चा नंबर देऊन पाठवा. घरून परत यावंसं वाटलं तर येता यावं, एवढा मान ठेवा.

७. सुट्टीच्या दिवशी

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं. त्याच्या मागे मराठीत तीन ओळी लिहा: औषध कोणतं कधी, पुन्हा कधी यायचं, काय झालं तर थांबायचं नाही. योजनेत डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं धरलेली असतात. मेडिकलमध्ये पैसे द्यायला लावले तर पावती ठेवा आणि १५५३८८ वर तक्रार करा, हे तोंडी सांगा आणि लिहूनही द्या.

बिबट्याच्या केसमध्ये इथे जास्त काळजी घ्यावी लागते. जुन्नर वनविभागातल्या उसाच्या पट्ट्यात हे नित्याचं झालंय. जखमा शिवून लोक घरी जातात आणि रेबीजची पुढची इंजेक्शनं राहतात. तारखा घरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहायला लावा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवून ठेवा, म्हणजे मंचरची फेरी वाचेल. वनखात्याच्या भरपाईसाठी जखमांचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ते सुट्टीच्या दिवशीच घ्या.

शेतकरी कुटुंबातला माणूस सापाने दगावला किंवा कायमचा अधू झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यूला २ लाख. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. अंत्यविधीच्या घाईत पंचनामा आणि शवविच्छेदन टाळलं जातं आणि मग अनुदान जातं. हे सांगणं अवघड असतं, पण दुसरं कोणी सांगणार नसतं.

८. स्वतःकडे बघा

आरोग्यमित्राचं काम कंत्राटी आहे, पगार तुटपुंजा, आणि पॅकेज, पोर्टल, नियम सारखे बदलतात. समाजसेवा अधीक्षकाला मीटिंगा, रजिस्टरं, शिबिरं यातून वॉर्डात जायला वेळ मिळत नाही. हे मी बदलू शकत नाही. दोन सवयी मात्र सांगते.

एक वही. दर केसची एक ओळ: कुठे अडलं आणि कशाने सुटलं. सहा महिन्यांनी ती वाचली की आपल्या तालुक्याचं खरं दुखणं कळतं. माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा ‘सुनेचं नाव’ आलं, त्यावरून आम्ही आशाताईंना गरोदरपणाच्या नोंदणीतच रेशनकार्ड बघायला सांगितलं.

आणि महिन्यातून एकदा, मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर इथल्या आपल्यासारख्यांनी एकत्र बसायचं. चहा प्यायचा, फसलेल्या केसेस सांगायच्या. यशाच्या सांगायच्या नाहीत, त्या पेपरात येतात. ज्याला पुढे शिकायचंय त्याने एमएसडब्ल्यू करावं. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून आहे आणि क्षेत्रकार्य तिथे सक्तीचं आहे. वर्गापेक्षा तेच जास्त कामाला येतं.

९. दहाव्या दिवशीचा फोन

फोन करायचाच, आणि बोलायचं पेशंटशी, नवऱ्याशी नाही. मी केला तेव्हा सून स्वतः बोलली. आवाज अजून जड होता. म्हणाली, बरंय, पण दमायला होतं. झोपते आता खाटेवर, मच्छरदाणी खोचून. मग म्हणाली, “मॅडम, तेवढं माझं कार्डातलं नाव इकडं घेतील का हो? ह्यांना सांगून सांगून थकले.”

शुक्रवारी नवऱ्याला तहसीलला बोलावलं आहे. वहीत ती ओळ अजून उघडी आहे.