पाय न टेकतां

गेल्या पावसाळ्यानंतर आठवीच्या वर्गांतील एक मुलगा शाळेमागील दगडी कट्ट्यावरून वडिलांची सायकल उडवावयास गेला आणि उजवें मनगट मोडून घेऊन घरीं पोहोंचला. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील मजकडे आले. "मास्तर, हें वेड याच्या डोक्यांत घातलें कोणीं?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. उत्तर मला ठाऊक होतें. डॅनी मॅकॅस्किल ह्या स्कॉटिश तरुणाची चित्रफीत वर्गांत मीच दाखविली होती. स्काय बेटावर वाढलेल्या ह्या तरुणानें इ. स. २००९ मध्यें एडिंबरो शहरांत सायकलीवर जे पराक्रम करून दाखविले, ते पाहून मुलें थक्क झालीं. टोंकदार लोखंडी कुंपणाच्या माथ्यावरून तो सायकल नेतो तेव्हां तर मीही श्वास रोखून धरला. परंतु त्या पांच-सहा मिनिटांच्या मागें कित्येक महिन्यांचें चित्रण आणि कित्येक वर्षांचा सराव आहे, हें सांगावयाचें तास संपल्यामुळें राहून गेलें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या राहिलेल्या तासाची भरपाई समजावी.

"हा खेळ शाळेंत बंद करा," अशी त्या गृहस्थांची मागणी होती. मीं ती मान्य केली नाहीं. कारण माझ्या मतें खेळ वाईट नव्हता, त्याचा आरंभ भलत्या टोंकाकडून झाला होता.

ह्या खेळाचें नांव ट्रायल्स. ट्रायल म्हणजे कसोटी. आणि मौज अशी कीं, प्रथम ही कसोटी स्वाराची नव्हती, यंत्राची होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटारसायकल हें भरवशाचें वाहन नव्हतें. ती चढ चढेल कीं नाहीं, वाटेंत बंद पडेल कीं काय, अशी गिऱ्हाइकांस धास्ती असे. म्हणून डोंगरवाटांनीं लांबच्या फेऱ्या काढून यंत्रें पारखण्याचा प्रघात पडला. स्कॉटलंडमधील 'सहा दिवसांची ट्रायल' ही त्यांपैकींच एक. तिचा उगम इ. स. १९०९ मधला असून, महायुद्धें व सांथी यांमुळें पडलेले खंड सोडल्यास, बेन नेव्हिस पर्वताच्या परिसरांत ती अद्याप भरत आली आहे. पुढें यंत्रें सुधारलीं आणि साधा चढ कोणालाही चढतां येऊं लागला. तेव्हां ओढ्यांतील गोटे, ओल्या मुळ्या, निसरड्या घळी असे अवघड टप्पे निवडण्यांत येऊं लागले, आणि कसोटी यंत्राकडून माणसाकडे आली.

येथें वेगाला कांहीं किंमत नाहीं. प्रत्येक टप्प्यावर एक निरीक्षक उभा असतो आणि तो फक्त स्वाराचे पाय पाहतो. पाय एकदां जमिनीला टेकला तर एक दोषगुण, दोनदां टेकला तर दोन, तीन किंवा अधिक वेळां टेकला तर तीन; आणि स्वार पडला, मागें फिरला किंवा टप्पा अपुरा राहिला तर पांच. ज्याचे दोषगुण सर्वांत कमी, तो विजयी. ह्या हिशेबांत एक बारीक गंमत आहे, ती गणिताच्या विद्यार्थ्यांच्या ध्यानांत आली असेल. तिसऱ्यांदां पाय टेकल्यावर चौथ्या वेळचा भुर्दंड नाहीं. म्हणून शहाणा स्वार तेथें ऐट सोडतो, दोन्ही पाय टाकीत, गाडी ढकलीत, कसाबसा टप्पा पुरा करतो. कारण पांचांपेक्षां तीन बरे. पाय टेकल्याची लाज वाटून जो अडून बसतो तो पांच घेतो. टप्प्यावर थांबून उभें राहण्यास मुभा असावी कीं नसावी, याविषयीं मात्र वाद होत आले आहेत आणि नियमही पुष्कळदां बदलले आहेत.

जड गाडीवर हा खेळ खेळणें किती कठीण असेल याची कल्पना करावी. सॅमी मिलर ह्या आयरिश स्वारानें अवजड एरियल गाडीवर वर्षानुवर्षें विजय मिळविले आणि नंतर तो स्पेनमधील हलक्या बुल्टाको गाडीकडे वळला. इ. स. १९६५ मध्यें त्यानें तिच्यावर स्कॉटलंडची ती स्पर्धा जिंकली, तेव्हांपासून हलक्या गाडीचें युग आलें. आजची ट्रायल्सची मोटारसायकल सुमारें सत्तर किलो भरते आणि तिला बसावयास बैठकच नसते. स्पेनमध्येंच पेरे पी नांवाच्या मोटारसायकलस्वाराचा मुलगा ओट हा लहानपणीं वडिलांच्या कसरती पायानें चालणाऱ्या सायकलीवर करूं लागला. तेथून सायकल-ट्रायल्सचा प्रसार झाला. आपणांस कामाची तीच.

आतां आरंभाविषयीं. सायकल साधी चालेल, पण तिची परीक्षा आधीं घ्यावी. दोन्ही ब्रेक घट्ट असावेत. बैठक खालीं जाईल तितकी खालीं करावी, कारण ह्या खेळांत बसावयाचें नाहीं. आणि साखळी! पालकांनीं हें स्वतः पाहावें. पेडलांवर उभा असलेल्या मुलाची झिजलेली साखळी सटकली, तर तो सरळ हँडलवर आदळतो. हेल्मेट, जाड हातमोजे आणि नडगीला कांहीं तरी आवरण, एवढें अवश्य हवें.

पहिला धडा उभें राहण्याचा. गवताचा अगदीं सौम्य चढ शोधावा. चढाकडे तोंड करून दोन्ही पेडलें एका पातळींत आणावीं, जो पाय सोयीचा वाटेल तो पुढें ठेवावा आणि हँडल त्याच बाजूस थोडें वळवावें. गुडघे किंचित् वांकलेले, एकेक बोट ब्रेकवर, नजर चार हातांवरील एखाद्या खड्यावर. पुढचा पाय हलकेच दाबला कीं सायकल बोटभर पुढें जाते. दाब सैल केला कीं चढामुळें तेवढीच मागें येते. तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ तुम्हीं खेळला असाल. काठी जिकडे कलते तिकडे आपण तळहात नेतो. येथेंही तेंच. चाक वळलेलें असल्यामुळें पुढें-मागें होतांना तें थोडें बाजूसही सरकतें आणि कलणाऱ्या शरीराच्या खालीं येऊन त्याला सांवरतें. आरंभीं तीन सेकंद उभें राहतां आलें तरी पुष्कळ झालें. आपल्या क्रीडादिनीं हळू सायकल चालविण्याची शर्यत असते. ती जिंकणारीं मुलें येथें लवकर तयार होतात. फक्त बसण्याची सवय त्यांना मोडावी लागते.

दुसरा धडा उतरण्याचा. डावीकडे, उजवीकडे आणि विशेषतः मागच्या बाजूस, सायकल सोडून दोन्ही पायांवर उतरतां आलें पाहिजे. हा धडा कंटाळवाणा आहे आणि मुलें तो टाळतात. मनगट मोडलेल्या त्या मुलानेंही हँडल अखेरपर्यंत सोडलें नव्हतें.

त्यानंतर अडथळे, तेही क्रमानें: जमिनीवर आडवी ठेवलेली काठी, मग फळी, मग बसकी वीट. अंग खालीं दाबून, पेडलाला अर्धा फेर देत भार मागें नेला कीं पुढचें चाक उचलतें. तें पलीकडे टेकतांच भार पुढें न्यावा, म्हणजे मागचें चाक आपसूक येतें. ओढाताण हातांनीं करावयाची नसते. आणि अडथळा कितीही लहान असो, तो आधीं पायीं फिरून पाहावा: चाक कोठें टेकणार, दगड हलतो काय, चुकल्यास उतरावयाचें कोठें. स्पेनचा टोनी बोऊ इ. स. २००७ पासून २०२४ पर्यंत प्रत्येक वर्षीं मोटारसायकल-ट्रायल्सचा जगज्जेता ठरला. स्पर्धेचे टप्पे त्यालाही आधीं पायीं फिरून पाहावे लागतात.

हे धडे आम्हीं कार्तिकांत प्रार्थनामंदिरामागच्या गवतावर सुरू केले. हात प्लास्टरमध्यें असलेल्या त्या मुलास मीं निरीक्षक नेमलें. डाव्या हातानें वहींत रेघा ओढीत तो रोज सायंकाळीं इतरांचे पाय पाहत बसे. एके दिवशीं मुलांच्या आग्रहास्तव चाळिशी ओलांडलेला मीही सायकलीवर चढलों. कुंपणाजवळ माझ्या डाव्या बुटाचें टोंक गवताला लागलें; मुलें दुसऱ्या अंगाला होतीं, कोणाच्या लक्षांत आलें नसावें असें वाटून मी पुढें गेलों. त्या दिवशीं त्याचे वडील फाटकाशीं उभे होते. मुलानें एकदां त्यांच्याकडे, एकदां माझ्याकडे पाहिलें.

"मास्तर, एक," तो म्हणाला आणि त्यानें वहींत रेघ ओढली.