कोडैकनालचे सरोवर : सायकलवरून आणि पायी

तमिळनाडूतील पळणी डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर कोडैकनाल वसले आहे. येथील सरोवर प्रथमच पाहणाऱ्याला ते निसर्गानेच डोंगराच्या कुशीत ठेवले असावे असे वाटते. परंतु ते मनुष्याने निर्माण केलेले आहे. मदुराईचे कलेक्टर असलेल्या व्हिअर लेव्हिंज यांनी १८६३ साली येथील दलदलीच्या खोऱ्यात बांध घालून ओढ्यांचे पाणी अडविले. सुमारे चोवीस हेक्टरांचा हा जलाशय फार मोठा नव्हे. त्याची जडणघडण एका दिवसात समजून घ्यावयाची असेल, तर मोटारीचा काही उपयोग नाही. सायकल आणि पाय ही दोनच साधने योग्य होत.

काठाने जाणारा रस्ता सुमारे पाच किलोमीटरांचा असून जवळजवळ सपाट आहे. सायकली काठावरच भाड्याने मिळतात. सकाळी लवकर, धुके पाण्यावर असतानाच निघावे. दुपारी घोडे आणि मोटारी यांच्या गर्दीत सायकल चालविण्यात फारसे सुख नाही. थोडे अंतर गेल्यावर लक्षात येते की, संपूर्ण सरोवर एका दृष्टिक्षेपात कोठूनही दिसत नाही. रस्ता आत वळतो, पुन्हा बाहेर येतो आणि मघाशी अगदी समोर भासलेला काठ दूर जातो. याचे कारण सरोवराच्या आकारात आहे. बांधामागे साठलेले पाणी मुख्य खोऱ्यापुरते न राहता बाजूच्या प्रत्येक घळीत शिरले आणि त्यामुळे त्याला ताऱ्यासारखे फाटे फुटले. जेथे जेथे रस्ता आत वळतो, तेथे तेथे वरच्या उताराकडे पाहावे : या सरोवराचे खरे भांडार काठावर नसून त्या उतारांवर आहे.

ते पाहण्यासाठी सायकल परत करून पायी निघावे लागते. वाटेत, पूर्वेच्या अंगाला, १९०८ साली आखलेले ब्रायंट उद्यान लागते. त्याच्या पुढे डोंगराच्या कडेने सुमारे एक किलोमीटर जाणारी पाऊलवाट कोकर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७२ मध्ये तयार केली. आकाश निरभ्र असल्यास येथून खालची मैदाने दिसतात. पुष्कळदा मात्र पायाखाली केवळ ढगच असतात. ते ढग येथे अडतात, गवतावर आणि झाडांवर दंव होऊन उतरतात, ही गोष्ट दृश्याच्या सौंदर्याहून अधिक महत्त्वाची आहे.

दुपारनंतर गावाबाहेरच्या ‘बेअर शोला’ या धबधब्याकडे जावे. पूर्वी तेथे अस्वले पाणी पिण्यास येत, असे नावाचे मूळ सांगतात. शोला म्हणजे दक्षिणेतील उंच डोंगरांच्या घळींतून वाढणारे बुटक्या सदाहरित वृक्षांचे दाट वन. मूळची रचना अशी होती की, घळींत शोला आणि उघड्या उतारांवर गवताळ माळ. शेवाळाने वेढलेली खोडे, कुजलेल्या पानांचा जाड थर आणि गवताची मुळे पावसाचे पाणी शोषून ठेवीत व उन्हाळ्यातही ते थोडे थोडे ओढ्यांना देत. याच गवतात कुरिंजी फुलते. आपल्या सह्याद्रीतील कारवीच्या गोत्रातली ही वनस्पती बारा वर्षांनी एकदाच बहरते. २००६ आणि २०१८ ही तिच्या बहराची वर्षे होती. प्राचीन तमिळ काव्यात संपूर्ण डोंगरप्रदेशालाच तिचे नाव दिलेले आहे.

विसाव्या शतकात या माळांपैकी पुष्कळ भाग ‘ओसाड’ समजून तेथे निलगिरी, पाइन आणि कातडी कमावण्यास उपयोगी पडणारी वॅटल नावाची ऑस्ट्रेलियातील बाभूळ लावण्यात आली. ज्या जमिनीवर वृक्ष नाहीत ती निरुपयोगी, ही समजूत येथे महाग पडली. आता वॅटल आपोआप पसरते व ती उपटून गवत परत आणण्याचे काम तिच्या लागवडीहून कितीतरी अवघड ठरले आहे.

दुसरे संकट डोळ्यांना दिसत नाही. गावात थर्मामीटर बनविणारा एक कारखाना होता. पाऱ्याने दूषित झालेल्या काचांचे ढीग भंगारात सापडल्यानंतर २००१ साली तो बंद पडला. पुढे शास्त्रज्ञांना सरोवराच्या पाण्यात, गाळात आणि माशांतही पारा आढळला. पाऱ्याची वाफ वाऱ्याबरोबर जाते आणि पावसाबरोबर खाली येते. तिला काठावरचे कुंपण अडवू शकत नाही.

दिवस संपण्यापूर्वी घाटरस्त्याने आठ किलोमीटर खाली ‘सिल्व्हर कॅस्केड’ या धबधब्यापाशी जावे. चढाचा विचार करता बसनेच जाणे शहाणपणाचे. सुमारे पंचावन्न मीटर उंचीवरून येथे कोसळणारे पाणी सरोवराच्या सांडव्याचे आहे. मैदानातून घाट चढून येणाऱ्या प्रवाशाला सरोवर दिसण्यापूर्वी त्याचे पाणी येथे भेटते, आणि बहुतेक जण ते ओळखीत नाहीत.