एकाच आयपी पत्त्यावर दोन डीएनएस सर्व्हर कसे उभे करावेत?

व्यापारी बंधूंनो, दुकानाच्या नावाने डोमेन घेणे आता नवलाचे राहिलेले नाही. पण नावाची पाटी लावली म्हणजे गिऱ्हाईक दारात पोहोचले, असे होत नाही. कॉम्प्युटरला नाव कळत नाही, आकडा कळतो. नाव विचारले की आकडा सांगण्याचे काम डीएनएस सर्व्हर करतो. मूळ वही ज्याच्याकडे तो प्राथमिक, तिची नक्कल ज्याच्याकडे तो दुय्यम. बाहेरचा प्रश्न दोघांपैकी कोणाकडेही जातो.

अडचण पत्त्यांची आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सुमारे 429 कोटीच आहेत. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी 2011 मध्ये संपला. त्यामुळे दुकानाला स्थिर पत्ता बहुधा एकच मिळतो.

मग काही जण एकाच मशीनला दोन नावे देऊन मोकळे होतात. हा हिशेब खोटा आहे. मूळ वही आणि नक्कल एकाच पेटीत ठेवली तर आगीत दोन्ही जळणार. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचे डीएनएस सर्व्हर जानेवारी 2001 मध्ये एकाच जाळ्यावर होते. एका राउटरच्या मांडणीत चूक झाली आणि तिच्या साईट जवळजवळ एक दिवस लोकांना सापडेनात.

यावर उपाय देवाणघेवाणीचा आहे. समजा, अहिल्यानगरच्या कापड बाजारातील दुकानदाराकडे एक पत्ता आहे आणि मालेगावच्या यंत्रमागवाल्याकडे एक. दोघांनी आपला प्राथमिक आपल्याकडे ठेवावा आणि दुसऱ्याचा दुय्यम सांभाळावा. एकच सर्व्हर अनेक डोमेन सांभाळू शकतो. वीज वेगळी, लाईन वेगळी, जादा पत्त्याचा खर्च नाही.

आता कृती पाहू :

1. राउटरवर पोर्ट 53 यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी उघडून सर्व्हरकडे वळवावे. वेबसाईट 443 वर चालते, म्हणून त्याच पत्त्यावर दोन्ही कामे होतात.

2. दोन्ही सर्व्हरची नावे झोन फाईलमध्ये लिहावीत आणि डोमेन विकणाऱ्याकडे पत्त्यांसह नोंदवावीत.

3. नक्कल फक्त भागीदाराच्या पत्त्याला, गुप्त किल्लीनेच द्यावी.

4. फाईलमध्ये बदल केला की सिरियल नंबर वाढवावा. नाहीतर दुय्यम जुनीच माहिती सांगत राहील.

5. एक्स्पायर मुदत दोन ते चार आठवडे ठेवावी. प्राथमिक बंद पडला तरी तेवढे दिवस नक्कल चालते.

6. परक्या माणसाला इतर डोमेनची उत्तरे देणे बंद ठेवावे. नाहीतर आपल्या सर्व्हरचा वापर दुसऱ्यावर हल्ल्यासाठी होतो.

शेवटी प्राथमिक बंद करून 'डिग' आज्ञेने थेट दुय्यमला विचारून पाहावे.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. वेबसाईट दुकानातल्याच मशीनवर असेल तर वीज गेल्यावर ती बंदच राहील. मात्र ई-मेल बाहेरच्या कंपनीकडे असेल तर दुय्यममुळे ऑर्डरची पत्रे येत राहतील. व्यापाऱ्याला तेच मोलाचे आहे.

भागीदाराची नक्कल ही आपल्याकडची अमानत आहे. पत्ता बदलणार असेल किंवा मशीन बंद ठेवायचे असेल तर त्याला आधी कळवा. असा भागीदार मिळत नसेल तर दुय्यम सेवा विकत घ्यावी. पण दोन्ही सर्व्हर एका छपराखाली ठेवू नयेत.