आतड्यांतील जीवाणू आणि निष्प्रभ होणारी प्रतिजैविके

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात पावसाळा सुरू झाला की जुलाब आणि ताप यांचे रुग्ण वाढू लागतात. यांपैकी अनेक जण दवाखान्याऐवजी प्रथम औषधाचे दुकान गाठतात. तेथून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणल्या जातात. दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवल्या जातात, आणि पुढील खेपेस त्याच गोळ्या घरातील दुसऱ्या कोणाला दिल्या जातात. वस्तुतः पाण्यासारखे होणारे बहुतेक जुलाब प्रतिजैविकांशिवायच थांबतात. अशा वेळी खरी गरज असते ती क्षारसंजीवनीची, आणि मुलांच्या बाबतीत तिच्या जोडीला जस्ताच्या गोळ्यांची. अनावश्यक गोळी मात्र आतड्यात आपले काम करून जाते.

मनुष्याच्या आतड्यात अब्जावधी जीवाणू वास करतात. अन्नातील तंतुमय भाग पचविणे, काही जीवनसत्त्वे तयार करणे व रोगजंतूंना पाय रोवू न देणे ही त्यांची कामे होत. प्रतिजैविकाला मित्र आणि शत्रू यांतील भेद कळत नाही. संवेदनक्षम जीवाणू नष्ट होतात, प्रतिकारक्षम तेवढे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच फोफावतात.

याहून गंभीर बाब जपानमध्ये १९५९ च्या सुमारास उघडकीस आली. आमांशाचे जंतू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनासे झाले होते. हा गुण त्यांना आतड्यातीलच निरुपद्रवी जीवाणूंकडूनही मिळू शकतो, असे तेथील संशोधकांना आढळले. प्लाझ्मिड नावाच्या लहानशा वर्तुळाकार जनुकखंडाच्या रूपाने एक जीवाणू दुसऱ्याला हा गुण देतो. दोघे एकाच जातीचे असावे लागत नाहीत. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ मध्ये विषमज्वराची जी साथ सुरू झाली, तिच्या जंतूने सेफ्ट्रिअॅक्सोनसारख्या प्रभावी औषधाला निष्प्रभ करणारा असाच जनुकखंड मिळविला होता. तो आतड्यातील कोलाय जीवाणूंकडून आला असावा, असा निष्कर्ष निघाला.

मुंबईलाही हा अनुभव नवा नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील तज्ज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कार्बापेनेम औषधांना न जुमानणारे आंत्रवर्गीय जीवाणूंचे २४ नमुने नोंदविले होते. त्यांपैकी २२ नमुन्यांत एनडीएम-१ हे विकर तयार करणारे जनुक आढळले.

आतड्याच्या दीर्घकालीन दाहाशी या प्रश्नाचा संबंध आता अभ्यासला जात आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्स हे या वर्गातील दोन प्रमुख विकार. रक्तमिश्रित शौच, पोटदुखी, वजनातील घट ही त्यांची लक्षणे वर्षानुवर्षे डोके वर काढतात. अशा रुग्णांच्या आतड्यात उपकारक जीवाणू घटतात आणि कोलाय वर्गातील जीवाणू वाढतात. प्रतिकारक्षमतेची जनुके बहुधा याच वर्गाकडे असतात. बालपणी वारंवार प्रतिजैविके घेतलेल्यांत हे विकार अधिक आढळतात, असेही अनेक पाहण्यांतून दिसले आहे. तथापि सहसंबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. रुग्णाला औषधेही अधिक द्यावी लागतात. तेव्हा आधी काय घडले हे सांगणे सोपे नसते.

आपल्याकडे यात एक अडचण अधिक आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्सचा विकार यांची लक्षणे इतकी सारखी असतात की दुर्बिणीने तपासूनही पुष्कळदा निर्णय होत नाही. क्षय असताना दाह शमविणारी स्टेरॉइडे दिली तर क्षय बळावतो. म्हणून काही रुग्णांना प्रथम दोन-तीन महिने क्षयाची औषधे देऊन परिणाम पाहावा लागतो. ज्याने आधीच दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी लक्षणे दडपली आहेत, त्याचे निदान आणखी लांबते. आणि क्षयाचा जंतूच औषधांना प्रतिकारक्षम असेल तर ही कसोटीही फसवी ठरते.

औषधाची गरजच पडू नये, हा मार्ग अधिक स्वस्त आहे. भांडुप येथे शुद्ध केलेले पाणी वस्तीत पोहोचेपर्यंत वाटेतील गळक्या नळातून दूषित होऊ शकते. पुरवठा बंद असताना नळातील दाब उतरतो आणि बाहेरचे सांडपाणी आत शिरते. खाडीपलीकडे नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी विषमज्वराच्या संयुग्मित लसीची मोहीम हाती घेतली. पहिल्या टप्प्यातच १ लाख १३ हजारांहून अधिक मुलांना लस टोचण्यात आली. लस घेतलेले मूल आजारी पडत नाही, इतकाच तिचा लाभ नाही. त्याच्या पोटात प्रतिजैविकाचा एक हप्ताही कमी जातो.

ग्रामीण भागात कुक्कुटपालनाकडेही लक्ष पुरविणे आवश्यक आहे. कोंबड्यांची वाढ झपाट्याने व्हावी म्हणून खाद्यात कोलिस्टिन मिसळले जात असे. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याच्या वापरावर केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली.

सेफिक्झिमसह अनेक प्रतिजैविके १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. विक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण, औषध व मात्रा यांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती वही ३ वर्षे जपून ठेवावयाची असते.